झाडीतील मुलांची प्रार्थना

मराठीत मुलांच्या हाती दिल्या गेलेल्या प्रार्थनापुस्तकांचा इतिहास लिहावयास जो कोणी बसेल, त्याला मुंबई-पुण्याच्या छापखान्यांच्या याद्या चाळून भागणार नाही. अशा पुस्तकाच्या मागे बहुधा कोणाची तरी आई, कोणाचा तरी बाप किंवा आजा उभा असतो. त्या घरातील एखादे माणूस कोठे तरी अडलेले असते, जे म्हणावयाचे ते त्याला कळत नसते किंवा जे कळते ते म्हणावयास शब्द नसतात, आणि ती अडचण दूर करण्याकरिता दुसरा कोणी लेखणी हाती घेतो. ग्रंथकर्त्याच्या विद्वत्तेपेक्षा या अडचणीशीच प्रार्थनापुस्तकाच्या जन्माचा संबंध अधिक निकटचा आहे, हे विधान पारखून पाहण्यास चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांइतका अनुकूल मुलूख क्वचितच सापडेल. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर येथे अनेक प्रकारच्या प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी नांदत आल्या. त्यांपैकी काहींना पुस्तक मिळाले, काहींना आजतागायत मिळाले नाही, आणि मिळण्या-न मिळण्याची कारणे शोधू गेल्यास ती देवळांपेक्षा घरांतच अधिक सापडतात.

हा मुलूख शतकानुशतके चांद्याच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता. १७५१ साली तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ साली इंग्रजांनी चांदा जिल्हा निर्माण केला. त्या जिल्ह्याचे नाव पुढे चंद्रपूर झाले, व २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचा पूर्वेकडील अरण्यप्रदेश तोडून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. वरोरा, चिमूर, ब्रह्मपुरी या बाजूस मालगुजारी गावे, धानाची शेते आणि तलाव. पूर्वेस व दक्षिणेस अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या आणि दाट जंगल; त्यावरूनच या मुलखाला झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात. आणि भाषा पाहाव्या तर मराठी व तिची झाडीबोली, गोंडी, भामरागडकडे माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू. १८६९ साली मेजर ल्युसी स्मिथ याने या जिल्ह्याच्या जमाबंदीचा जो विस्तृत अहवाल सादर केला, तशा अहवालांत जमिनीची प्रत, सारा, वहिवाट आणि हक्क यांची नोंद काटेकोरपणे होई. परंतु दिवेलागणीच्या वेळी पोर कोणापुढे हात जोडते आणि त्याला ते हात जोडावयास कोण शिकवते, हा प्रश्न सरकारी दप्तराच्या कक्षेत येत नव्हता. ती माहिती त्या त्या कुटुंबाच्या कैफियतीतच शोधली पाहिजे.

गोंड कुटुंबापासूनच आरंभ करणे उचित, कारण या भूमीवरील जुनी प्रार्थना त्यांची. गोंडांच्या घरी जन्मलेल्या मुलाला आपला देव निवडावा लागत नाही, आणि एका अर्थी त्याची ओळखही करून घ्यावी लागत नाही. आपण चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे की सात देवांचे, हे त्याला आपल्या कुळाच्या नावाबरोबरच कळते. समान देवसंख्येची कुळे परस्परांची भावंडे मानली जातात, त्यांच्यात सोयरीक होत नाही. अशा रीतीने देवांची गणना ही नातेसंबंधांचीच गणना होऊन बसते, आणि जे मूल आपले देव किती हे सांगू शकते, ते सख्खे कोण, सोयरे कोण हेही सांगू शकते. कुळाचा थोर देव जो पर्सापेन, त्याची चवरी आणि भाल्याचे लोखंडी पाते गावाबाहेर झाडाच्या आश्रयाने राखली जातात. नवे फळ, नवे धान्य तोंडात घालण्यापूर्वी पंडुम करून ते देवांना आणि पूर्वजांना अर्पण होते. आंबा पिकला तरी पंडुम होईपर्यंत तो खावयाचा नाही, हे ज्या मुलाला पाचव्या-सहाव्या वर्षी पाळावे लागते, त्याला प्रार्थनेतील संयमाचा अंश कोणी वेगळा शिकवावा लागत नाही.

या धर्माला पोथी नव्हती, पण पाठ होता, आणि तो जतन करण्याचे काम परधानांकडे होते. परधान हा गोंड कुटुंबाचा वंशपरंपरागत भाट. किंगरी वाजवीत तो आपल्या यजमान कुळाची उत्पत्ती, पारी कुपार लिंगोने देवांना केलेली गुहेतून मुक्तता आणि कुळांची वाटणी गाऊन सांगे, आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र, कधी जनावर असा त्याचा हक्क ठरलेला असे. मुले हे गायन मोठ्यांच्या मांडीवर बसून ऐकत. मुलांकरिता वेगळी आवृत्ती काढावी असे कोणाला सुचण्याचे कारण नव्हते; ज्याला जेवढे समजेल तेवढे त्याने घ्यावे, उरलेले पुढच्या वर्षी पुन्हा ऐकावयास मिळणारच असे. जोपर्यंत परधान येत होता, यजमान देत होता आणि मूल ऐकत होते, तोपर्यंत या व्यवस्थेत कोणी अडलेला नव्हता, आणि म्हणून तिला पुस्तकाची गरजही भासली नाही.

तरीही तिचे पहिले पुस्तक झाले, पण ते निराळ्याच कोणाच्या गरजेतून. १८४५ साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतातील अरण्यवासी लोकांविषयी पुष्कळ टिपणे केली होती. एका परधानाच्या तोंडून त्यांनी लिंगोची गोंडी गाथा उतरवून घेतली होती. १८६३ साली हिस्लॉप नदीत बुडून मृत्यू पावले, आणि त्यांचे कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केले. गोंडी शब्द रोमन लिपीत आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत, असे त्याचे स्वरूप होते. ज्या गाथेवर गोंडांच्या प्रार्थनेचा सर्व आधार, ती प्रथम छापली गेली तेव्हा ती वाचू शकेल असे माणूस गोंडांच्या घरात बहुधा एकही नव्हते. या ग्रंथाचे ज्ञानमूल्य नाकारण्याचे कारण नाही, अभ्यासकांना तो आजही उपयोगी पडतो. परंतु येथे अडलेला माणूस होता तो नवा राज्यकर्ता, रयत कोण आणि तिचे आचार काय हे समजून घेऊ इच्छिणारा अंमलदार, आणि पुस्तक त्याच्या हाती पोहोचले. मुलाच्या हाती ते पोहोचले नाही, कारण ते त्याच्याकरिता नव्हते.

मालगुजारी गावांतील मराठी घरांची रीत वेगळी होती. तेथे सांजवात लागली की मुलांनी हातपाय धुऊन देवापुढे बसावे, दिव्याला नमस्कार करावा, मग परवचा म्हणावा. आणि या परवच्यात रामदासांचे मनाचे श्लोक, मारुतीचे स्तोत्र आणि पावकी-निमकीचे पाढे असे सारे एका दमात येई. पाढा कोठे संपतो आणि स्तोत्र कोठे सुरू होते याची फिकीर म्हणणाऱ्यालाही नसे आणि म्हणवून घेणाऱ्या आजोबांनाही नसे. दोन्ही मुखोद्गत असली पाहिजेत एवढीच अट. कार्तिकात पहाटेच्या अंधारात काकड्याला जाण्याची हौस मुलांना विशेष. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातील मुली भुलाबाई मांडीत. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे पार्वती आणि शंकर, पण त्यांच्यापुढे म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत सासू, नणंद, दीर, माहेरचा भाऊ आणि त्याची वाट पाहणारी सून यांचीच वर्दळ. गाणी झाली की डबा वाजवून आतला खाऊ ओळखावयाचा, आणि मग घरोघर जावयाचे. मुलींची ही पूजा त्यांना देवाविषयी सांगते त्याहून पुढे येऊ घातलेल्या संसाराविषयी अधिक सांगते, आणि गोंड मुलाच्या देवगणनेप्रमाणे येथेही उपासनेचे आणि नात्यांचे शिक्षण एकाच वेळी पार पडते.

या घरांत पुस्तके नव्हती असे नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत स्थापन केलेल्या निर्णयसागरासारख्या छापखान्यांनी स्तोत्रे व पोथ्या स्वस्त आणि शुद्ध छापून दूरदूरच्या बाजारांत पोहोचविल्या होत्या. पण या पोथ्यांचा वाचक घरातील कर्ता पुरुष असे. मुलाच्या आणि बहुधा त्याच्या आईच्या वाट्याला केवळ श्रवण येई. संस्कृत स्तोत्राचा अर्थ विचारण्याची पद्धत नव्हती, आणि विचारलाच तर तो ठाऊक असेलच अशी खात्री नव्हती. अडचण होती ती येथे, आणि मराठीतील एका थोर प्रार्थनापुस्तकाचा उगम तिच्यातच आहे.

विनोबा भावे यांचे बालपण कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी गेले. ११ सप्टेंबर १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. आजोबा शंभुराव हे व्रतस्थ गृहस्थ. त्यांच्या देवपूजेभोवती घरातील मुले जमत. आई रुक्मिणीबाई, तिला विनोबांनी पुढे आयुष्यभर आपला पहिला गुरू मानले. तुळशीला पाणी घातल्याविना मुलाला खावयास द्यावयाचे नाही हा तिचा शिरस्ता होता. भावे कुटुंब बडोद्यास असता या माऊलीला गीता समजून घेण्याची इच्छा झाली. संस्कृत तिला येत नव्हते. मुलाने मराठी गद्य अनुवाद आणून दिला, पण म्हणावयास तिला पद्य हवे होते. तेव्हा वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, आणि काही दिवसांनी तीही तिला अवघड वाटली. याहून सोपे मराठीत काही नाही, असे मुलाने सांगितले, तेव्हा मग तूच का करीत नाहीस, असा सरळ प्रश्न तिने केला. १९१६ साली विनोबांनी घर सोडले आणि १९१८ साली ती वारली. प्रश्न मात्र राहिला. ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यास त्यांनी गीतेचे समश्लोकी मराठी रूपांतर लिहावयास घेतले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पुरे केले. तीच ‘गीताई’.

गीतेची भाषांतरे मराठीत थोडी नव्हती, आणि विनोबांच्या संस्कृत व्यासंगाविषयी कोणाला शंका नव्हती. परंतु पुस्तक छापण्यापूर्वी त्यांनी ते पंडितांच्या सभेपुढे ठेवले नाही, आश्रमातील लहान मुलींना शिकवून पाहिले, आणि त्या जेथे अडखळल्या तेथील शब्द बदलले. संस्कृत न येणाऱ्या एका आईकरिता योजिलेले आणि बालिकांच्या जिभेवर घासून घेतलेले असे हे पुस्तक आहे, म्हणूनच ते अठरा अध्यायांचे असूनही मुलांना पाठ होते. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना त्याची पहिली आवृत्ती निघाली. त्याच तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेवर जी प्रवचने केली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे: आश्रमातील सायंप्रार्थना आटोपली की मंडळी श्यामभोवती बसतात आणि तो आईची एकेक आठवण सांगतो. प्रार्थनेला जोडून घरची कथा यावी, किंबहुना प्रार्थनेचा खुलासा घरच्या कथेनेच व्हावा, हा संकेत मराठी मुलांच्या मनात त्या पुस्तकाने कायमचा रुजविला.

वर्धा आणि चांदा हे शेजारी जिल्हे, आणि वर्ध्याला त्या काळी जे घडे त्याचे पडसाद झाडीत उमटल्यावाचून राहत नसत. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामास राहू लागले. त्यांच्या प्रार्थनेचे पुस्तक ‘आश्रम-भजनावलि’. ते सिद्ध केले पंडित नारायण मोरेश्वर खरे या महाराष्ट्रीय गायकाने. त्या भजनांचा इंग्रजी अनुवाद गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात केला तो केवळ आपली इंग्रज शिष्या मीराबेन हिच्याकरिता, कारण रोज म्हणावयाच्या ओळी तिला समजत नव्हत्या. येथेही तीच परंपरा आढळते: कुटुंब रक्ताचे नसेल, आश्रमाचे असेल, पण पुस्तकामागे कोणी तरी एक नेमके माणूस आहे.

१९३६ सालीच सेवाग्रामास काही काळ राहून गेलेला एक तरुण साधू झाडीपट्टीला सेवाग्रामाहून अधिक जवळचा होता. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी बंडोजी आणि मंजुळा या दरिद्री दांपत्याच्या पोटी जन्मलेला माणिक, वरखेडच्या अडकोजी महाराजांच्या कृपेने तुकड्या, म्हणजे पुढचे तुकडोजी महाराज, झाला, आणि शाळा अर्धवट टाकून रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि चिमूरजवळील गोंदोडा येथील रानांत राहिला. गोंदोड्याची गुहा आजही त्यांची तपोभूमी म्हणून पूज्य मानली जाते. चिमूर परगण्यातील लोकांनी या खंजिरीवाल्या भजनकऱ्याला तो राष्ट्रसंत होण्यापूर्वीच आपले मानले होते. १९३५ साली त्यांनी मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन केला. श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा विदर्भभर पसरल्या, आणि पहाटे सामुदायिक ध्यान व सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा त्यांचा नित्यनेम ठरला.

१९४२ चा ऑगस्ट महिना आला. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस, या दिवशी चिमूरला निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा तरुण त्यात ठार झाला, आणि क्षुब्ध जमावाच्या हातून उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे यांच्यासह काही अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावावर जे लष्करी अत्याचार झाले, विशेषतः स्त्रियांवर, त्यांच्या चौकशीकरिता प्राध्यापक भणसाळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. तुकडोजी महाराजांना २८ ऑगस्ट रोजी चांद्यास अटक झाली, आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना डिसेंबरपर्यंत ठेवण्यात आले. भजन आणि प्रार्थना यांना सरकार का भ्यावे, याचे उत्तर त्या प्रार्थनेच्या रचनेतच आहे. घरोघर विखुरलेला परवचा त्यांनी गावाच्या चौकात आणला. ब्राह्मण, कुणबी, तेली, गोंड, ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबविले जाई ते, पुरुष, स्त्रिया आणि पोरे, सर्वांनी एका जमिनीवर ओळीने बसून, ठरल्या वेळी, एका सुरात म्हणावयाची ही प्रार्थना होती. रोज सायंकाळी न बोलावता एकत्र जमणारे गाव हे कोणत्याही हुकुमतीच्या दृष्टीने साधे गाव राहत नाही.

या प्रार्थनेची पुस्तिका आकाराने लहान, मराठी आणि हिंदी रचनांची, आणि खिशात मावणारी. तिचाही जन्म एका अडचणीतूनच झाला होता, फक्त आता अडलेले माणूस एक नव्हते, अवघे गाव होते: ज्याच्याजवळ पुरोहित नव्हता किंवा ज्याच्याकडे पुरोहित जात नव्हता, ज्याला अक्षरओळख नव्हती, आणि ज्याचे देव मोहल्ल्यामोहल्ल्यांत वाटले गेले होते असे गाव. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेला स्वतंत्र अध्याय दिला, आणि तो ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती या विषयांच्या पंक्तीत बसविला; कारण ज्या हाताने सायंकाळी टाळी वाजवावयाची, त्याच हाताने सकाळी गल्ली झाडावयाची, असा त्यांचा हिशेब होता. ब्रह्मपुरी तालुक्यात अड्याळ टेकडीवर गीताचार्य तुकारामदादांनी हीच शिकवण पुढे चालविली. झाडीपट्टीतील कित्येक गावांत आजही ही प्रार्थना होते, आणि पुढच्या ओळीत मुले असतात. त्यांना अर्थ शिकविणारा बहुधा कोणी नसतो, परंतु शेजारी बसलेल्या बापाचा आवाज चढतो कोठे आणि आजीचे डोळे मिटतात कोठे, हे पाहून ती आपला अर्थ लावीत असतात. भारतात बंधुभाव नांदावा अशी याचना करणारी तुकडोजी महाराजांची रचना पुढे असंख्य शाळांच्या परिपाठात गेली.

१९५६ साली या मुलखातील हजारो घरांत प्रार्थना एका दिवसात बदलली. १४ ऑक्टोबरला नागपूरचा दीक्षासमारंभ झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्यास आले आणि १६ ऑक्टोबर रोजी तेथे त्यांनी विराट जनसमुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. जुने देव्हारे उतरले. आयांनी आजवर मुलांना जी स्तोत्रे आणि नावे शिकविली ती आता शिकवावयाची नव्हती, आणि नवी त्यांना स्वतःलाच येत नव्हती. मूल आणि आई यांनी एकाच वेळी प्रार्थना शिकावी असा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात याआधी क्वचितच आला असेल. बाबासाहेबांना ही अडचण पूर्ण ठाऊक होती, आणि ‘बौद्ध पूजापाठ’ ही पुस्तिका त्यांनी स्वतः सिद्ध केली होती. घटनेचा शिल्पकार, अर्थशास्त्र आणि कायदा यांचा प्रकांड पंडित, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी ढासळत्या प्रकृतीने नित्यपाठाची पुस्तिका करावयास बसतो, याचे ज्यांना आश्चर्य वाटेल त्यांनी त्यांच्या बालपणाकडे पाहावे. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार आणि कबीरपंथी. मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेणे, भजने म्हणवून घेणे हा त्यांच्या घरचा कडक नेम होता. त्या वाचनातील आशय बाबासाहेबांनी पुढे नाकारला, परंतु घरात ठरल्या वेळी सर्वांनी मिळून काही तरी म्हणावे आणि त्यातून मुलाच्या मनाला वळण लागावे, ही पित्याकडून मिळालेली रीत त्यांनी नाकारली नाही. चंद्रपुरातील बौद्ध घरांत त्रिशरण आणि पंचशील म्हणणारे मूल, दापोली-साताऱ्याच्या त्या कबीरपंथी सुभेदाराच्या शिस्तीचा वारसा नकळत चालवीत असते.

आईसाठी गीताई, आश्रमकन्येसाठी भजनावलीचा अनुवाद, गावासाठी सामुदायिक प्रार्थना, नवदीक्षितांसाठी पूजापाठ, असा हा क्रम पाहिल्यावर जंगलातील त्या पहिल्या कुटुंबाकडे पुन्हा वळणे प्राप्त आहे, कारण जो पूर्वी अडलेला नव्हता तो आता अडला आहे. परधानाचे हक्क आटले, त्याची किंगरी फार थोड्या गावांत ऐकू येते. मुले आश्रमशाळांत राहतात आणि वर्षातील पुष्कळसे पंडुम त्यांच्यावाचून होतात. शाळेतील प्रार्थना मराठीत असते. ती उदात्त असते, सर्वधर्मसमभावाची असते, परंतु पहिलीतल्या माडिया मुलाला ती आजोबांच्या परवच्यातील संस्कृत स्तोत्राइतकीच दुर्बोध असते. गागोद्याच्या रुक्मिणीबाईंनी जी तक्रार केली ती करण्याचे वय त्याचे नसते, म्हणून ती ऐकू येत नाही.

यावर उपाय कोणी योजलाच नाही असे नाही. प्राणहितेच्या पलीकडे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई येथे, मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने, निजाम सरकारने १९४३ साली गोंड शिक्षकांकरिता केंद्र काढले. तेथे गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली, आणि गोंडांच्या पुराणकथा गोंड मुलांच्या हाती प्रथमच त्यांच्या भाषेत आल्या. हिस्लॉप यांच्या ग्रंथानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी झालेली ही दुरुस्ती होती. निजामाचे संस्थान विलीन झाल्यावर शिक्षणाची भाषा तेलुगू झाली आणि तो प्रयोग मागे पडला. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि गोंडी पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, यांच्या अध्ययनात हयात वेचली. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी तो चालविला, आणि १९७६ साली तेथे शाळा निघाली, तेव्हापासून माडिया मुलांच्या पिढ्या अक्षरओळख घेऊन बाहेर पडल्या. आज त्यांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. २०१९ साली धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी एकत्र येऊन गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि तिच्या नावात गोटूल, म्हणजे गोंडांचे युवागृह, हा शब्द आवर्जून ठेवला. गोंडी अद्याप संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. अशा स्थितीत गावांनी स्वतःच्या ऐपतीवर केलेला हा उद्योग मोलाचा आहे.

या मुलांसाठी प्रार्थनेचे पुस्तक आज कोणी लिहावे, आणि कसे? बाहेरच्या पंडिताने गाथा उतरवून घेऊन ती सुबक चित्रांसह छापली, तर हिस्लॉपचाच ग्रंथ अधिक रंगीत होऊन परत येईल. मराठी प्रार्थनेचे गोंडीत भाषांतर केले, तर मुलाला शब्द कळतील, पण ज्या देवसंख्येने त्याला सोयरेधायरे दिले, ज्या पंडुमाने त्याला आंब्याची वाट पाहावयास शिकविले, त्यांचा त्यात पत्ता नसेल. आजचा पेच असा की आजीला सर्व आठवते पण लिहिता येत नाही, आणि नातवाला लिहिता येते पण त्याने ते ऐकलेले नाही. विनोबांच्या घरी जी स्थिती आई आणि मुलगा यांच्यात होती, तीच येथे उलट्या दिशेने उभी आहे: तेथे ग्रंथ मुलाजवळ होता आणि तहान आईला होती, येथे ग्रंथ आजीच्या कंठात आहे आणि तहान नातवाची आहे, किंवा असावयास हवी. तेव्हा लेखक व्हावयाचे ते नातवाने, म्हणजे सातवी-आठवीत शिकणाऱ्या मुलामुलींनी. सुटीत घरी आल्यावर आपल्या कुळाचे देव, त्यांची झाडे, पंडुमाच्या वेळी पुटपुटले जाणारे शब्द त्यांनी देवनागरीत उतरून घ्यावेत, आणि उतरलेले पुन्हा आजीला वाचून दाखवावे. जे सर्वांसमोर सांगावयाचे नाही असे ती म्हणेल ते वगळावे. जेथे ती हसेल किंवा मान हलवील तेथील शब्द बदलावेत. विनोबांनी आश्रमातील मुलींकडून जी परीक्षा घेवविली, ती येथे वृद्धांनी घ्यावयाची आहे.

असे पुस्तक एका गावापुरते असेल, फार तर एका कुळापुरते. त्याच्या हजार प्रतीही खपणार नाहीत, आणि भामरागडचे पुस्तक कोरचीला जसेच्या तसे चालणार नाही. पण प्रार्थनापुस्तकांचा जो इतिहास वर पाहिला, त्यात मोठ्या प्रसाराचा विचार आरंभी कोणीच केलेला आढळत नाही. गीताई लक्षावधी घरांत गेली ती लिहून झाल्यानंतर. लिहिताना तिची वाचक एकच होती, आणि तीही बारा वर्षांपूर्वी वारलेली. गडचिरोलीतील आज्या अजून हयात आहेत. त्यांच्या हयातीतच हे काम हाती घेतले, तर लेखकाला शंका विचारावयास माणूस मिळेल आणि पुस्तकाला तपासावयास परीक्षक मिळेल; ते लांबणीवर टाकले, तर पुढच्या पिढीला आपल्याच घरची प्रार्थना शोधण्याकरिता १८६६ च्या रोमन लिपीतील ग्रंथाकडे जावे लागेल.